आपलं पाणी नाही ते

"उचला ते सगळं. इथं नको," कुलथे सर म्हणाले.

आम्ही मुली कमरेएवढ्या चरात उभ्या होतो. सकाळपासून कुदळी मारून हाताला फोड आले होते. शकीला मुलाणीचा तर एक फुटलाही होता. आणि हे म्हणे उचला! चर काय सतरंजी आहे का, इथली गुंडाळून तिथं अंथरायला?

"का पण सर?" मी विचारलं. "जागा तुम्हीच तर दाखवली होतीत."

"मंदाकिनी, प्रश्न नंतर. आधी काम."

मी तेव्हा नववीत होते. आमच्या कन्याशाळेच्या गाईड पथकातल्या कमळ तुकडीची नायिका. जिल्ह्याचा स्काऊट-गाईड मेळावा त्या वर्षी आमच्या तालुक्यात होता. डोंगराच्या माळावर तंबू लागले होते, आणि यजमान म्हणून छावणीची सगळी आखणी कुलथे सरांकडे होती. आमच्या तुकडीच्या वाट्याला संडासाचे चर आले. इतर मुली नाकं मुरडायच्या. मी नाही मुरडलं. सरांनीच शिकवलं होतं की छावणी कशी आहे हे बघायचं असेल तर स्वयंपाकघर आणि संडास बघा, कमान बघू नका.

सरांचं बोलणं म्हणजे आम्हाला वेदवाक्य. खाकी कपडे असे कडक इस्त्रीचे, की बसले तरी सुरकुती पडू नये. गाठी शिकवताना दोरी त्यांच्या बोटांतून नुसती पळायची. माझे वडील गिरणीत दळणं दळायचे. शाळेतल्या मास्तरांनी माझं नाव पूर्ण घेतलं तरी मला उंच झाल्यासारखं वाटायचं. राष्ट्रपती पुरस्कारासाठी पथकातून एकच नाव जाणार होतं, आणि सर म्हणाले होते, "नाव ठरलंय. फक्त मेळावा नीट पार पाड." घरी आईनं ते सगळ्या आळीला सांगून टाकलं होतं.

तर चर हलवले. आधीची जागा रस्त्याच्या अंगाला होती, मातीही मऊ. पण तिथंच स्वागताची कमान उभी राहायची होती. शेवटच्या दिवशी पाहुण्यांच्या गाड्या त्याच रस्त्यानं येणार. सरांनी नवी जागा दाखवली, माळाच्या दुसऱ्या टोकाला करवंदीच्या जाळीमागं. तिथं हातभर खणलं की कुदळ ठण्णकन वाजायची. खाली काळा खडक, आणि त्याला भेगाच भेगा.

मी जाळीपलीकडं वाकून बघितलं आणि माझे हातच थांबले. खाली उतार होता. उताराच्या पायथ्याला ठाकरवाडी, आणि वाडीच्या अलीकडं, बरोबर आमच्या चरांच्या खाली, झरा.

"सर, खाली पाणी आहे."

"दिसतंय मला."

"पण तुम्हीच शिकवलंत, उतार बघायचा, वारा बघायचा. संडास पाण्याच्या वरच्या अंगाला कधीच..."

सर हसले. लहान मुलीला समजावतात तसे. "अगं, आपल्या छावणीला टँकर येतोय की. आपलं पाणी नाही ते."

शकीला माझ्याकडं बघायला लागली. मी तिच्याकडं बघितलंच नाही. मला वाटलं, सरांना काहीतरी ठाऊक असेल जे मला ठाऊक नाही. मोठ्या माणसांबद्दल आपल्याला असं वाटतंच.

दुसऱ्या दिवशी सेवाकार्याला कोणत्या पथकानं काय घ्यायचं ते ठरलं. सेवाकार्याला गुण होते आणि सगळ्यांत जास्त गुणांच्या पथकाला ढाल. कुठल्याशा शाळेनं रस्त्याचे खड्डे घेतले, कुणी देवळाची रंगरंगोटी. आणि आमच्यासाठी सरांनी काय घ्यावं? तर झरा साफ करायचा!

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. वाटलं, बघ, सरांच्या मनात होतंच. आम्ही खराटे, घमेली घेऊन उतरलो. झऱ्याला दगडी कुंड होतं, त्यातला पाला काढला, शेवाळ खरवडलं, भोवती दगड रचले. सरांनी पांढरी रंगवलेली पाटी लावली. 'झरा जीर्णोद्धार', खाली शाळेचं नाव ठळक अक्षरांत. फोटोवाला येऊन गेला.

तिथंच ठमाबाई भेटली. वाडीतली म्हातारी, पण चालायची आमच्यापेक्षा झपाझप. डोक्यावर हंडा, काखेत कळशी, आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू.

"काय गं पोरींनो, कुनाच्या लग्नाला आलात एवढ्या नटून? गळ्यात फडकी काय, कमरंला पट्टं काय!"

आम्ही हसलो. मी पुढं होऊन डावा हात केला. स्काऊट-गाईड डाव्या हातानंच हात मिळवतात, ती आमची रीत. ठमाबाई हाताकडं बघतच राहिली.

"ह्यो हात?"

"हो आजी. डावा हात काळजाजवळचा म्हणून."

तिनं पदर तोंडाला लावला आणि अशी हसली की कळशीतलं पाणी डचमळलं. "काळजाजवळचा म्हनं! अगं बाये, आमी त्या हातानं सकाळी काय करतो, ठावं हाय ना?"

शकीला तर खाली बसून हसली. मग म्हातारीनं कळशी खाली ठेवली, आपला डावा हात पाण्यात धुतला, पदराला पुसला आणि माझ्या हातात दिला. "घे. तुमची रीत ती रीत."

तिची सून बाळंतीण होती. ओली बाळंतीण, सव्वा महिना व्हायचा होता. पाणी भरायला म्हातारीच यायची. "ह्या झऱ्याव आमच्या साऱ्या वाडीचा जीव," ती म्हणाली. "उन्हाळ्यात बी आटत न्हाई. नदी लई लांब, खाली उतरायचं म्हंजी गुडघं ऱ्हात न्हाईत. बरं झालं साफ केलंत, माझी माय."

त्या 'माझी माय'नं मला कसंतरीच झालं. मी वर जाळीकडं बघितलं.

वर काय चाललं होतं ते सांगते, नाक दाबून ऐका. अख्ख्या जिल्ह्याची पोरं-पोरी त्या उथळ चरांवर. माती टाकायची तर माती होतीच कुठं? सगळा खडक. दुसऱ्याच दिवशी चर भरत आले. मुलं पाण्याचे डबे भसाभस ओतायची, त्यानं सगळं वर यायचं आणि कडेनं वाहायचं. हिरव्या माशांचं मोहोळ. उलटी यायची तिथं उभं राहिलं की. मी सरांना सांगितलं तर सरांनी फिनेलचे डबे पाठवले. "ओता. हात आखडता घेऊ नका. पाहुण्यांना वास जाता कामा नये."

आम्ही ओतलं. डबेच्या डबे ओतलं.

शेवटच्या दिवशी सकाळी मी आणि शकीला पाटीला हार घालायला झऱ्यावर गेलो. पाहुणे तिथं येणार होते, म्हणून सरांनीच पाठवलं. मी हार पाटीवर टाकला आणि खाली बघितलं.

कुंडातलं पाणी पांढरट होतं. तांदूळ धुतल्यावर असतं ना, तसं. आणि वास. फिनेलचा वास. आणि फिनेलच्या आडून तो दुसरा वास, जो गेले काही दिवस माझ्या कपड्यांतून, केसांतून जात नव्हता. वर उतारावर खडकाच्या एका भेगेतून ओलसर चिकट रेघ खाली येत होती.

शकीलानं तोंडावर स्कार्फ धरला. "या अल्ला," एवढंच म्हणाली.

तेवढ्यात ठमाबाई आलीच. भरलेला हंडा वाडीत ठेवून दुसऱ्या खेपेला.

"आलात व्हय? कालपास्नं पान्याला दवाखान्यावानी वास येतोय. औषिध टाकलंत न्हवं त्यात? मी म्हनलं सुनंला, शेरातल्या पोरी हायेत, जंतू मारायचं औषिध टाकलं आसंल. पी म्हनलं गपगुमान, बाळालाबी गुन येईल."

मी हात पुढं करून तिची कळशी धरली. "आजी, हे पाणी नका नेऊ. थांबा जरा. मी सरांना विचारून येते."

"काय झालं?"

"थांबा तुम्ही. आलेच मी."

मी तो चढ कशी चढले मला ठाऊक नाही. सर कमानीखाली झेंडूच्या माळा बांधून घेत होते. मी धापा टाकत सगळं सांगितलं. पांढरं पाणी, वास, ती रेघ, बाळंतीण. सर एका बाजूला आले आणि आधी म्हणाले काय, तर "हळू बोल."

"सर, पिताहेत ते लोक!"

"कळलं मला. कुणाकुणाला सांगितलंस?"

"कुणाला नाही. ठमाआजी खाली थांबलीय."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "शाब्बास. नायिकेनं असंच वागायचं असतं. आता मी स्वतः वाडीत जाऊन सांगतो. पोरीटोरींनी सांगितलं तर लोक घाबरतात, गोंधळ होतो. तू गणवेश नीट कर, तुला मानवंदना द्यायची आहे. माझ्यावर विश्वास आहे ना?"

"आहे सर."

आणि होता हो. पुरता होता.

पाहुणे आले. मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले कुणी साहेब, गोरेपान, मृदू बोलणारे. मानवंदना झाली, झेंडा झाला, मग सगळा लवाजमा उतारानं झऱ्यापाशी. चर करवंदीच्या जाळीआड होते आणि जाळीवर सरांनी पताका लावून घेतल्या होत्या. रंगीबेरंगी! कुंडावर झाकण म्हणून फळी ठेवलेली, फळीवर रांगोळी. म्हणजे सकाळी मी सांगितल्यावर सर इथं येऊन गेले होते. मला हायसं वाटलं.

सरांनी हातातला कर्णा तोंडाला लावला. "साहेब, शेवाळानं भरलेला हा झरा आमच्या मुलींनी आपल्या हातांनी साफ केला. आज ह्या वाडीतलं लेकरू न् लेकरू इथलं निर्मळ पाणी पितंय. सेवा, सेवा म्हणजे दुसरं काय असतं?"

टाळ्या पडल्या. मी टाळ्या वाजवायला हात उचलले आणि ते तसेच राहिले. 'आज पितंय' म्हणाले ते. 'पितंय'.

गर्दीतून ठमाबाई पुढं आली. धुवट लुगडं नेसलेली, हातात घासून लख्ख केलेला तांब्या आणि वर फुलपात्र. वाडीच्या बायका मागं घोळक्यानं उभ्या. पाण्यात काय आहे ते तिला कुणीच सांगितलं नव्हतं. म्हातारी माझी वाट बघून बघून, भरलेल्या हंड्यातलंच पाणी घेऊन पाहुण्यांना मान द्यायला आली होती.

"सायेब, आमच्या वाडीत आलात, पानी घ्या."

तिनं फुलपात्र भरून पुढं केलं. साहेबांनी हात लांब केला. आणि कुलथे सर, ज्यांना मी कधी घाईत बघितलं नव्हतं, ते असे झेपावले की कर्णा खाली पडला. "नको नको, साहेबांना थर्मासमधलं! साहेबांना पथ्य आहे!" म्हणत त्यांनी फुलपात्र मधल्यामध्ये धरलं. "आजी, मी घेतो हं. मी घेतो." तोंडभर हसले, पाठ फिरवली, आणि हात खाली सोडून सगळं पाणी पाटीच्या खांबाशी ओतून दिलं. रिकामं फुलपात्र म्हातारीच्या हातात देताना म्हणाले, "वा! अमृत!"

शी! इतकी वर्षं झाली, आज सांगतानाही माझ्या अंगावर शहारा येतो. त्या चरांची मला किळस आली होती, पण ती आंघोळीनं गेली. ही नाही गेली.

त्यांना ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून सगळं ठाऊक होतं. साहेबांच्या घशाखाली ते पाणी जाऊ नये म्हणून हा माणूस वाऱ्यासारखा धावला, आणि बाळंतिणीसाठी त्याला सकाळपासून पाऊल उचलायला वेळ झाला नव्हता. फळी ठेवायला झाला. पताका लावायला झाला.

मी रांग सोडली. शकीलानं माझा पट्टा धरायचा प्रयत्न केला, पण मी गेलेच. ठमाबाईच्या हातातून तांब्या घेतला, फुलपात्र काठोकाठ भरलं आणि सरांच्या पुढं धरलं.

"सर, हे घ्या. मघाचं सांडलं तुमचं."

सरांचा चेहरा इस्त्रीच्या कापडासारखाच राहिला. "मंदाकिनी, रांगेत जा."

"घोटभर घ्या. मग जाते."

"नंतर घेतो म्हटलं ना."

"आत्ता घ्या सर. तुम्ही प्यायलात की आजी घरी जाऊन सुनेला पाजेल."

सरांनी माझ्याकडं बघितलं, आणि खरं सांगते, त्या नजरेत राग नव्हता. हिशेब होता. ही पोरगी आता काय काय बोलेल, कुणासमोर बोलेल, त्याचा.

ठमाबाई एकदा त्यांच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत होती. "का वं मास्तर? घ्या की. औषिध हाय न्हवं त्यात?"

सरांनी घड्याळात बघितलं!

मग मीच बोलले. मोठ्यानं बोलले, सगळ्या वाडीला ऐकू जाईल असं. "औषध नाही आजी. वर आमचे संडास आहेत. त्या जाळीमागं. त्याचं पाणी झिरपून येतंय ह्याच्यात. वास फिनेलचा आहे. सांडून टाका सगळं, कुणी पिऊ नका."

वाडीतल्या एका बाईनं तिथंच भडाभडा ओकलं. ठमाबाई मात्र हलली नाही. तिनं माझ्या हातातलं फुलपात्र घेतलं, नाकाशी नेलं, हुंगलं. मग अगदी हळू विचारलं, "सून चार दिस पितीय गं पोरी. तिचं दूध पाजू का नको बाळाला?"

मला उत्तर येत नव्हतं. प्रथमोपचाराचं पदक होतं माझ्या बाहीवर शिवलेलं, आणि मला उत्तर येत नव्हतं. मी साहेबांकडं बघितलं. ते थर्मासच्या पेल्याशी चाळा करत होते. सरांच्या कानाशी लागून त्यांनी काहीतरी विचारलं. सरांनी मान हलवली आणि कर्णा उचलून, धूळ पुसून जाहीर केलं, "मुलीला ऊन लागलंय. गाईड्स, तिला तंबूत घेऊन जा. आपण पुढच्या कार्यक्रमाकडं वळू या."

आणि वळले. खरंच वळले सगळे! रांगा धरून, पावलं टाकत, वर. मागं टाळ्यांचा आवाज आला. ढाल आमच्याच शाळेला मिळाली. सेवाकार्याचे पूर्ण गुण.

मला तंबूत न्यायला शकीला उरली होती. आम्ही तंबूकडं न जाता वाडीत गेलो. बायका दाराबाहेर हंडे पालथे करत होत्या, वाडीभर पांढरट ओघळ. शकीलानं एक रिकामा हंडा उचलला, गळ्यातला स्कार्फ सोडला, पिळून गोल गुंडाळला आणि डोक्यावर त्याची चुंबळ केली. सरांनी आम्हाला स्कार्फचे किती उपयोग शिकवले होते. झोळी, पट्टी, दोर, निशाण. हा नव्हता शिकवला. मीही माझा सोडला.

नदी खरंच लांब होती. ठमाबाई पुढं, आम्ही मागं. आमचा ट्रक भोंगे वाजवेपर्यंत आम्ही खेपा घातल्या. निघताना मी तिच्यापुढं उभी राहिले. डावा हात पुढं करायचं धाडस झालं नाही. तिनं माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "जा. पर माघारी येऊ नगा बाळांनो. कुनीच."

शकीलाचा मामा बांगड्या विकायला वाडीवर जायचा, त्याच्याकडून पुढचं कळलं. बाळाला जुलाब लागले होते, सरकारी दवाखान्यात नेलं, वाचलं. पण झऱ्याला पुढचा पावसाळा होईपर्यंत कुणी तोंड लावलं नाही. उन्हाळाभर बायका नदीवरून पाणी वाहत होत्या. पाटी मात्र होती म्हणे जागच्या जागी.

पुरस्काराला दुसरीचं नाव गेलं. आई आळीत तोंड लपवत फिरली, वडील म्हणाले, "पोरीनं केलं ते बरं केलं," आणि गिरणीचा पट्टा चढवायला गेले.

आता माझं शाळेसमोरच गणवेशांचं दुकान आहे. स्काऊटचे स्कार्फसुद्धा विकते. मागच्या वर्षी कुलथे सरांचा पंचाहत्तरीचा सत्कार झाला, शाळेनं दुकानात येऊन आग्रहाचं बोलावणं केलं. धंद्याचा प्रश्न, गेले. मंचावर काचेच्या कपाटातली ती ढाल काढून, चकचकीत करून मांडली होती. कुणीतरी भाषणात झऱ्याचासुद्धा उल्लेख केला. आपल्या हातांनी साफ केलेला झरा!

कार्यक्रम संपल्यावर सरांनी मला गर्दीतून ओळखलं. कपडे अजून तसेच, कडक.

"मंदाकिनी! मोठी झालीस. अगं, तेव्हाचं काही मनात ठेवू नकोस. लहान होतीस, भावनेच्या भरात बोलून गेलीस. मी केव्हाच माफ केलंय तुला."

आणि हसत हसत त्यांनी डावा हात पुढं केला.

मला ठमाबाई आठवली. हात मिळवण्याआधी आपला हात त्या झऱ्यात धुऊन, पदराला पुसून घेणारी.

मी सरांना लांबूनच नमस्कार केला, चहासुद्धा घेतला नाही. दुकानात आले आणि मागच्या मोरीत जाऊन साबणानं हात धुतले. शिवलेही नव्हते त्यांना, तरी दोनदा धुतले.